घर खाली आलं, डोंगर कुणाचा?

(भातकापणीच्या आधी वाड्यांच्या एकत्र बैठकीत झालेलं हे बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाडीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



कापणी तोंडावर आली असताना तुम्ही एवढं अंतर चालून आलात. कुणी नाचणी राखायला माणूस बसवून आलंय, कुणी पोर कडेवर घेऊन. म्हणून इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर येतो.

यंदा आपल्या बऱ्याच वाड्यांत तीन कागद फिरले. जूनमध्ये तलाठ्याची नोटीस आली: तुमची वाडी दरडीच्या धोक्यात आहे, अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी जावे. त्यावर सही नाहीतर अंगठा घेतला. मग वनखात्याचा माणूस आला. धबधब्याजवळ निसर्ग पर्यटन करायचं आहे, समिती करू, तुम्हांलाच फायदा, असं म्हणाला. आणि पोरांची नावं लिहून न्यायला तिसरा आला. रोजगार देणार, प्रशिक्षण देणार. तीन खाती, तीन कागद. वाचले तर एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटतं. पण तिन्ही कागद ज्या जागेबद्दल आहेत ती जागा एकच आहे, आणि ती म्हणजे आपला डोंगर. म्हणून आज आपण हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत.

नोटीस आली तेव्हा एका वाडीत म्हातारीनं तलाठी भाऊसाहेबांना विचारलं, "मी शाळेत जाऊन निजंन, पण माझ्या बकऱ्या कुठं ठेवू?" भाऊसाहेब हसले आणि पुढच्या घराकडे गेले. आम्हांला वाटतं, दरडीबद्दलचा सगळ्यात कामाचा प्रश्न त्या दिवशी तिनंच विचारला. माणूस धोका कळत नाही म्हणून वर राहत नाही. बकऱ्या आहेत, कणगीत दाणे आहेत, खाचरात आवण लागायचं आहे, म्हणून राहतो.

आता माळीणचं बोलू. आंबेगाव तालुक्यातलं महादेव कोळ्यांचं गाव, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा सुटून गावावर आला. चाळीसहून जास्त घरं गाडली गेली आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो रोजच्या रस्त्यानं आला तर गावच जागेवर नव्हतं. त्यानं खबर दिली म्हणून यंत्रणा हलली.

पुढे काय झालं? तात्पुरत्या शेडमध्ये माणसं जवळजवळ अडीच वर्षं राहिली. मग जवळच आमडे गावच्या हद्दीत नवीन माळीण बांधलं. पक्की घरं, शाळा, रस्ते, गटारं. २ एप्रिल २०१७ ला मुख्यमंत्र्यांच्या हातून कार्यक्रम झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि नव्या गावातले रस्ते खचले, भराव सुटले, काही घरांभोवतीची जमीन फाटली. लोक घाबरून पुन्हा शेडकडे गेले. दरडीतून उठवलेल्या माणसांना उतार कापून, भराव घालूनच जागा करून दिली होती. पुढे दुरुस्त्या झाल्या, घरं उभी आहेत, हेही सांगितलं पाहिजे. सरकारनं काहीच केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. घर दिलं. पण त्या भागातला माणूस नुसत्या घरावर जगत नाही. तो हिरड्यावर जगतो, खाचरावर जगतो. हिरडा नव्या घराच्या पायरीवर पडत नाही, त्यासाठी रानातच जावं लागतं.

इथं पडकईबद्दल थोडं बोलायला हवं. आंबेगाव-जुन्नरकडच्यांना ते सांगायची गरज नाही, रायगडकडच्यांसाठी सांगतो. उतारावर दगडाची ताल रचायची, मागं माती अडवायची, म्हणजे हळूहळू भाताचं खाचर तयार होतं. एका घराचं हे काम नव्हे. पाच-दहा घरं एकत्र येतात, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. हीच पडकई. पुढे तिची सरकारी योजना झाली आणि उतारावर यंत्रं चढली. माळीणनंतर त्यावरून पुष्कळ वाद झाला. कुणी यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाला दोष दिला, कुणी धरणाला, कुणी नुसत्या पावसाला. तो वाद शास्त्रज्ञांनी करावा. आमचं म्हणणं एवढंच आहे, की हातानं केलेली ताल एका हंगामात हातभर वाढते, माती दाबून बसते, आणि मजुरी वाडीत राहते. यंत्रानं तेच काम चार दिवसांत होतं, माती सैल राहते, आणि पैसे यंत्रवाल्याच्या घरी जातात. एका कामात डोंगरही हलका झाला आणि आपला रोजगारही. रोजगार हमीच्या कायद्यात ठेकेदार लावायचा नाही आणि मजुराचं काम यंत्रानं करायचं नाही असं लिहिलंय ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट इरशाळवाडीची. ही तर आपल्या ठाकर बांधवांची वाडी, खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या पायथ्याशी. इथल्या पुष्कळ घरांची तिथं सोयरीक आहे, त्यामुळं बोलताना जड जातं. १९ जुलै २०२३ ची रात्र. घरं निजलेली होती. वाडीच्या शाळेत बसलेली काही पोरं वाचली, त्यांनी खाली निरोप पोचवला. वाडीत २२८ माणसं होती. २७ जणांचे मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवला आणि राहिलेल्या ५७ जणांना बेपत्ता ठरवलं. म्हणजे ८४. वाडीतल्या दर तीन माणसांत एकाहून जास्त.

वाडीला गाडीचा रस्ता नव्हता. चिखलातून तासाहून जास्त चढून माणसं मदतीला गेली. यंत्रं वर जाऊ शकली नाहीत, म्हणून फावड्या-घमेल्यांनी माती उपसली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी चढतानाच हृदय बंद पडून गेला. मुख्यमंत्रीही दुसऱ्या दिवशी पायी वर गेले. आणि विधानसभेत सांगितलं गेलं, की ही वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीत नव्हती.

ही यादी लक्षात ठेवा. ज्यांच्या वाडीला नोटीस आली नाही त्यांनी आपण वाचलो असं धरू नका. यादी कागदावर होते, डोंगर कागद वाचत नाही. तुमच्याकडे कडेला नवी भेग पडली, सरळ वाढलेलं झाड कलायला लागलं, बारमाही झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, जिथं कधी पाणी नव्हतं तिथून फुटलं, नाहीतर बसलेलं दार अडकायला लागलं, तर नोटीशीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी बकऱ्यांसकट खाली यायचं. आणि बकऱ्यांसाठी जागा कुठली, चारा कुठला, हे ग्रामपंचायतीकडून मे महिन्यातच ठरवून घ्यायचं. म्हातारीचा प्रश्न ठरावात लिहायचा.

इरशाळवाडीच्या लोकांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं. मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर झाले. कायमची घरं बांधायचं काम सिडकोकडे दिलं. २०२४ च्या जुलैत वर्ष झालं तेव्हाही माणसं कंटेनरमध्येच होती. पत्र्याच्या त्या डब्यात उन्हाळा कसा निघाला हे ज्यांची पाहुणे मंडळी तिथं आहेत त्यांनी इथं बसून सांगितलंच आहे, मी परत सांगत नाही.  पण मुद्दा पुढचा आहे.

इरशाळगडावर शनिवार-रविवारी चढायला माणसं यायची. वाडीतल्या बाया त्यांना भाकरी-पिठलं करून घालायच्या, पोरं वाट दाखवायची. कसली योजना नव्हती, धोरण नव्हतं, उद्घाटन नव्हतं. तरी पर्यटन होतं, आणि त्याचा पैसा वाडीत होता. दरडीनंतर तो डोंगर पर्यटकांना बंद केला, ते बरोबरच होतं. पण कधीतरी तो उघडेल. उघडला की भाकरी कोण घालणार? वाट कोण दाखवणार? वाडी तर खाली आली. वर ज्याला परवाना मिळेल तो टपरी लावणार. मग जी माणसं तिथं मेली त्यांच्याच नावाचा फलक बघायला लोक येणार, आणि त्यांची पोरं खाली कंपनीच्या फाटकावर वॉचमन असणार. असं होईलच असं आम्ही म्हणत नाही. पण ते होऊ नये अशी कुठल्या कागदात सोय केली आहे, ते कुणी दाखवावं.

२०२४ च्या ३० जुलैला माळीणला दहा वर्षं झाली. त्याच तारखेच्या पहाटे केरळात वायनाडला दरड आली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथंही डोंगर, तिथंही चहाच्या मळ्यातले मजूर, आणि आसपास आदिवासी. तिथंही काही आठवड्यांतच पर्यटक परत यावेत म्हणून बोलणं सुरू झालं, कारण तेवढ्यावर हजारो घरांची चूल आहे. म्हणजे पर्यटन नकोच असं म्हणून भागत नाही. आपल्याकडेही भुशी धरणाजवळ २०२४ च्या जूनच्या शेवटी एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघाले. जीव वाचवायला बंदी लागते, मान्य. पण कणसं भाजून विकणाऱ्या बायांचा पावसाळ्यातला तेवढाच पैसा होता, तो बुडाला. तिला त्या दिवसांत रोजगार हमीचं काम द्यावं असं एकाही हुकमात वाचलं नाही.

आता सरकारचं नवीन पर्यटन धोरण बघा. २०२४ सालचं. दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असं त्यात म्हटलं आहे. अठरा लाख मोठा आकडा आहे. पण रोजगार कुणाचा, हे आकड्यात दिसत नाही. मालकाचा मुलगा मॅनेजर झाला तो एक रोजगार, आणि त्याच्या हॉटेलातली भांडी घासायला आपली पोरगी गेली तोही एक रोजगार.

अशा आश्वासनाचं एक जुनं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १९९६ साली सरकारनं खाजगी थंड हवेची ठिकाणं उभारायला खास नियम केले. त्यातून मुळशी-वेल्हे भागात मोसे नदीच्या खोऱ्यात १८ गावांच्या जमिनींवर लवासा उभं राहिलं. तिथं कातकरी आणि धनगरांच्या वाड्या होत्या. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २०१० च्या नोव्हेंबरात काम थांबवायला सांगितलं, २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या कोर्टात गेला, आणि २०२४ च्या जुलैत तिथल्या बंगल्यांवर दरड कोसळली. ज्या डोंगरावरून नाचणीवाला उठला तिथं रोजगारही टिकला नाही आणि उतारही. हे सांगतो ते कुणाच्या बंगल्यावर दरड आली म्हणून खूश होऊन नाही. आदिवासीनं राब भाजला की डोंगर नासतो असं ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांनी हा डोंगर कसा कापला ते बघावं एवढंच.

आता कायद्याकडे येऊ, कारण नुसतं बोलून उपयोग नाही.

आंबेगाव तालुक्याचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथं पेसा लागू आहे, वाडीची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. इरशाळवाडीला पेसा नव्हता. म्हणून रायगडच्या ठाकर-कातकऱ्यांच्या हातात मुख्य हत्यार एकच, वनहक्क कायदा २००६. तो अनुसूचित क्षेत्र असो नसो, सगळीकडे लागू आहे. त्यातल्या थोड्या गोष्टी आज घोकून जायच्या.

पहिली गोष्ट घराची आणि हक्काची. वाडीत एक भीती पसरली आहे, की घर खाली नेलं की दळीची जमीन, प्लॉट, रानातलं सगळं गेलं. काही साहेबही तसं बोलतात. कायद्यात असं नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा हक्क चार हेक्टरपर्यंत मिळतो, तो वारसानं पुढं जातो, विकता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. घर जंगलाच्या आतच असलं पाहिजे अशी अट नाही. पोटासाठी जंगलावर अवलंबून असणं महत्त्वाचं, असा खुलासा आदिवासी मंत्रालयानं फार पूर्वी केलेला आहे. म्हणजे पायथ्याला घर आणि वर शेत, हे चालतं. दावा निकाली निघेपर्यंत जमिनीवरून हलवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. पण धोका आला म्हणून आपणच खाली आलो, तेव्हा कागदावर काय लिहिलं यावर पुढचं ठरतं. "स्वेच्छेने मूळ जागेचा त्याग करीत आहोत" अशा ओळीवर अंगठा उठवला की मग कोर्टात भांडत बसावं लागतं. म्हणून पुनर्वसनाचा कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही नाही. त्यावर आपल्या हातानं लिहायचं: राहण्याचे घर तेवढे हलवीत आहोत, वैयक्तिक व सामूहिक वनहक्क कायम आहेत.

सामूहिक हक्काचं तर आपण अजून पुरतं ओळखलेलंच नाही. वैयक्तिक प्लॉटच्या मागं सगळे धावतात, कारण त्याचा सातबारा डोळ्यांसमोर येतो. पण प्लॉट वाहून जाऊ शकतो. माळीणला माणसाबरोबर शेतंही गेली. अख्ख्या डोंगरावरचा सामूहिक हक्क ग्रामसभेच्या नावावर असेल, तर एक बाजू ढासळली तरी दुसऱ्या बाजूला आपलं पाऊल राहतं. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं २००९ साली १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले आणि गावाला आपल्या बांबूवर काम मिळालं. अमरावतीकडे पायविहीर गावाकडे तर उजाड माळच होता. सामूहिक हक्क मिळाल्यावर त्यांनी रोजगार हमीतून झाडं लावली, आणि आज त्यांची सीताफळं मुंबईत जातात. हा आम्ही खरा रोजगार म्हणतो. तो अठरा लाखांत धरला आहे की नाही, माहीत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. वनजमिनीतून रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, वीज, अंगणवाडी अशा तेरा सोयींसाठी वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये साधी वाट आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर विभागीय वन अधिकारी परवानगी देऊ शकतो. दिल्लीला जावं लागत नाही. रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता नसलेल्या वाड्या इथं किती आहेत, हात वर करा म्हटलं तर निम्म्याहून जास्त हात वर येतील. त्या सगळ्यांनी हा ठराव केला पाहिजे. आणि एक बघून ठेवा: त्या तेरा सोयींत रिसॉर्ट नाही, तंबू नाही, काचेचा पूल नाही.

मग पर्यटन जंगलात शिरतं कुठून? हे नीट ऐका, कारण हे नवीन आहे. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागायची. २०२३ मध्ये त्या कायद्यात बदल केला, तो डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वनखात्याच्या कार्य आयोजनेत लिहिलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी आता "वनेतर काम" धरल्या जात नाहीत. सोप्या भाषेत, कार्य आयोजना म्हणजे वनखात्याची दहा वर्षांची वही. त्या वहीत पर्यटनाचं नाव आलं की दिल्लीचं फाटक उघडलं. वही वनखात्याच्या कार्यालयात लिहिली जाते. आपल्याला कळतं तेव्हा कुंपणाचे खांब आलेले असतात.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तोही कायद्यातच. सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा आपली समिती नेमते आणि त्या जंगलाचा आपला आराखडा करते. वनखात्यानं आपल्या कार्य आयोजनेत तो आराखडा सामावून घ्यायचा असतो. म्हणजे आपलीही एक वही आहे. त्या वहीत आपण लिहायचं: धबधब्याला कुठली वाट, दिवसाला किती माणसं, पावसाचा इशारा आला की वाट बंद, गाडी कुठं लावायची, पावती कोण फाडणार, जेवण कुठल्या घरांनी पाळीपाळीनं द्यायचं. आणि सगळ्यात वर एक ओळ: जी जागा दरडीच्या धोक्याची म्हणून आम्हांला राहायला बंद केली, तिथं दुसऱ्या कुणाला राहायला, बांधायला, तंबू ठोकायला परवानगी नाही. आम्हांला धोक्याची असलेली जागा शहरातून आलेल्याला सुरक्षित कशी होते, हे विचारायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

वनखात्याचा माणूस जी समिती करू म्हणतो ती बहुतेक संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते. तिच्यात खात्याचा माणूस सचिव असतो, हिशेब त्याच्या हातात. ती आणि वनहक्काची समिती एक नव्हे. नावं सारखी वाटतात, म्हणून सही करायच्या आधी विचारायचं: साहेब, ही कुठल्या कायद्याची समिती? ज्या गावांनी खात्याच्या समितीत राहूनही फाटकाचा पैसा मिळवला, तिथल्या लोकांना आम्ही नावं ठेवणार नाही. पैसा मिळतोय तर घ्या. पण सामूहिक दावा मागं ठेवून ते करू नका.

रोजगाराचं थोडक्यात सांगतो, यावर आपण आधीही पुष्कळ बोललोय. हा कायदा याच महाराष्ट्रात जन्मला, १९७२ च्या दुष्काळात. त्या वेळी दुष्काळी कामांवर लाखो माणसं खडी फोडत होती. त्यातूनच पुढे काम मागणाऱ्याला काम हा हक्क झाला, १९७७ चा कायदा झाला. म्हणजे आपत्तीतून उभं राहायचा सरकारचा सगळ्यात चांगला मार्ग कुठल्या हॉटेलवाल्यानं नाही, मजुरानं दाखवला. २०२४ मध्ये मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, फार नव्हती. नमुना ४ भरून काम मागा, तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता. पोच नसेल तर मागणीच नव्हती, असं उत्तर येतं.

काम कुठलं मागायचं, हेही आपणच ठरवू. एका गोष्टीची काळजी घ्या. रोजगार हमीत सगळ्यात आवडतं काम म्हणजे डोंगरावर सलग समतल चर. कमी उताराच्या माळावर ते चांगलं, पाणी मुरतं. पण वाडीच्या डोक्यावर, जाड मातीच्या तीव्र उतारावर चर खणून पाणी मुरवणं म्हणजे डोंगर जड करणं. तिथं पाणी मुरवायचं नाही, बाजूला काढून द्यायचं. वाडीच्या वर काय खणायचं ते भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय सुरू करू नका, मग मजुरीचे दिवस थोडे कमी झाले तरी चालतील. ओघळीला दगडी बांध, जुन्या ताली परत रचणं, मोकळ्या उतारावर झाडं, खालच्या सुरक्षित जागेवर गोठे, वाडीची पायवाट दगडानं बांधणं, अशी कामं भरपूर आहेत. गोठ्याचं काम तर आधी घ्या.

आता पुढचं. कापणी, झोडणी होऊ द्या. दिवाळीनंतर प्रत्येक वाडीची बैठक लावायची आहे. येताना घरातली पिशवी घेऊन या: दाव्याची पोच, दळीचे जुने कागद, दंडाच्या पावत्या, शिधापत्रिका, जूनमध्ये आलेली नोटीस. वनखात्यानं जुन्या काळात अतिक्रमण म्हणून दंड केला असेल, तर ती पावती फेकू नका. तुम्ही तिथं कसत होता याचा तोच पुरावा आहे. म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवू नका, त्यांचा जबाब लिहून घ्यायचा आहे. दाव्यासाठी दोन पुरावे लागतात आणि म्हाताऱ्याचा जबाब त्यात धरला जातो. पोरांनी वाडीचा, पाणवठ्यांचा, देवस्थानाचा, भेगा पडलेल्या जागांचा नकाशा कागदावर काढून आणायचा. ज्या वाड्या खाली येणार आहेत त्यांनी पुनर्वसनाच्या कागदाची झेरॉक्स आणायची, सही झाली असली तरी. आणि इरशाळवाडीकडे ज्यांची पाहुणे मंडळी आहेत त्यांनी दळीच्या जमिनीचा दावा त्यांनी घातला आहे का, एवढं विचारून यावं. घातला नसेल तर त्यांच्याबरोबर बसून आपण तो भरू.